थंड असताना पिरगळू नये

"माझ्या चहाच्या पातेल्यात पुन्हा कुणाचं तरी डोकं आहे," मनोहर माझ्या खांद्यामागून पुटपुटला. इतक्या जवळून, की त्याच्या दाढीच्या साबणाचा वास आला.

"उकळत नाहीये काही. नुसतं गरम पाण्यात ठेवलंय."

"बघतंय माझ्याकडे."

"रंगवलेले डोळे आहेत, मनोहर."

"रविवारची दुपार. माणसाला एक कप चहा..."

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. मनोहर वाक्यं पुरी करत नाही. त्याला वाटतं, उरलेलं समोरच्यानं समजून घ्यावं. हाडांचा डॉक्टर आहे. पेशंटला एक्स-रे दाखवायचा आणि गप्प बसायचं, ही जन्माची सवय.

खरं तर ते पातेलं त्याचं राहिलेलंच नाही. प्लास्टिक तापवलेल्या भांड्यात पुन्हा खाण्यापिण्याचं काही करायचं नाही, हा माझा पहिला नियम. म्हणून त्याला नवं पातेलं आणून दिलंय, जुनं माझ्या कामाला घेतलंय. पण हे जुनं पुण्याहून बॅगेतून आलेलं. त्याच्या मते चहाची चव त्या बुडातच होती.

माझं काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. अनय कॉलेजला गेला आणि त्याच्या खेळण्यांचं खोकं माळ्यावर राहिलं. दंड फुगवलेले सैनिक, अंतराळवीर, तोंडवळ्यावरून कायम चिडलेले कोणकोण. त्याच वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळानं दिवाळीत किल्ला करायचं ठरवलं. किल्ला मातीचा झाला, हळीवही उगवलं, पण मावळे कुठून आणायचे? बॅगेतून मातीची चित्रं आणली तर ह्यूस्टनला उतरेपर्यंत निम्मं सैन्य कामी आलेलं असतं. तेव्हा ते खोकं मला आठवलं. अंतराळवीराचं हेल्मेट काढलं, पगडी चढवली, हातातली बंदूक काढून भाला दिला की गडी कडा चढायला तयार. अनय फोनवर ओरडला, "आई, ते कलेक्टिबल होतं!" मी म्हटलं, आता ते स्वराज्याच्या सेवेत आहे.

शिकवायला कोणी नव्हतं. पहिल्याचा दंडच मोडला, दुसऱ्याच्या वेळी बोट भाजलं, तिसऱ्याचा रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर नाक विरघळलं. चुकत चुकत कळत गेलं. आधी सांध्याला गरम पाणी, नाहीतर हेअर ड्रायर. हातांत जाड हातमोजे. प्लास्टिक मऊ झालं की दाबून, डोलवून, हळूच खुंटी खोबणीतून बाहेर काढायची. घासायचं तर मास्क लावून, ओलं करून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंड असताना पिरगळायचं नाही. थंड सांधा पिरगळला की खुंटी आतच मोडते. मोडायच्या आधी तिथं प्लास्टिक पांढरं पडतं. एक पांढरा वळ उठतो. तो मग रंगाखाली झाकता येतो, पुसता येत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मंडळाच्या मुलांना मी हे शिकवलं. मुलं दहा मिनिटांत कंटाळली. शेवटपर्यंत बसल्या त्या दोघीच, सात वर्षांची स्वानंदी आणि तिची आई प्रीता.

प्रीता मूळची नागपूरची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी नाही. गाडीही शिकलेली नाही. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये गाडी नसणं म्हणजे पाय नसणं. नवरा सिद्धेश ऑइल कंपनीत इंजिनियर, आणि मंडळाचा लाडका. गणपतीत टेबलं उचलायला पहिला, माइक हातात घेऊन सगळ्या काकूंना हसवायलाही पहिला. "काकू, तुमच्यासारखी माणसं इथं आहेत म्हणून आम्हाला देश सोडल्यासारखं वाटत नाही," असं म्हणून वाकून नमस्कार करायचा. मला तो आवडायचा. हे लिहून ठेवते.

किल्ला झाला, दिवाळी गेली, आणि स्वानंदीची खेळणी मोडायला लागली.

"काकू, हिच्या बाहुल्याचा हात निघालाय. रविवारी आणू?" प्रीताचा फोन यायचा. सिद्धेश दोघींना सोडायचा आणि आत न येता दारासमोर गाडीतच बसायचा. एसीसाठी इंजिन चालू. "येत का नाहीस आत?" विचारलं तर हसून म्हणायचा, "तुमचं लेडीज डिपार्टमेंट, काकू." थोड्या थोड्या वेळानं प्रीताचा फोन थरथरायचा. झालं का? किती वेळ? खिडकी बंद असली तरी ते इंजिन ऐकू यायचं. आधी मला त्याचा आवाज यायचा. पुढं पुढं तो थांबला तरच कळेल, इतका कानात बसला.

मंडळातल्या बायका म्हणायच्या, "प्रीता फार वेंधळी हं. मागे कपाटाचं दार लागलं, परवा डिशवॉशरचं." वेंधळी हा शब्द सगळ्याच जरा घाईनं म्हणायच्या, आणि लगेच कुणीतरी डाळबट्टीची रेसिपी विचारायचं. मीही सांगायचे. डाळबट्टी मला चांगली येते.

खेळणी मात्र वेंधळेपणानं मोडलेली नव्हती. मुलांच्या हातून मोडलेलं मला ओळखता येतं. ते आपटून मोडतं, कडा कशाही असतात. यांच्या खांद्याला गोल पांढरा वळ होता आणि खुंटी आतमध्ये पिरगळून तुटलेली. प्रत्येक वेळी तसंच. थंड असताना, जोर लावून, मोठ्या माणसाच्या हातानं.

मेमध्ये एका रविवारी स्वानंदी टेबलाशी बसून एका सैनिकाचा पाय ओढत होती. मी म्हटलं, "थांब गं, आधी काय करायचं?"

"हीट इट फर्स्ट," ती म्हणाली. पाय पाण्यात बुडवून धरला, आणि वर न बघता पुढं म्हणाली, "बाबाला हे माहीतच नाही. ही नेव्हर हीट्स इट."

"काय गं?"

"तो डायरेक्ट पिरगळतो."

"स्वानंदी, पाणी बघ, सांडेल," प्रीता म्हणाली. पाणी कुठंही सांडत नव्हतं. प्रीतानं बाही मनगटापर्यंत ओढली. टेक्सासचा मे महिना आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. मनोहर पलीकडे पेपर वाचत होता. पेपर हलला नाही, आणि पानही उलटलं नाही.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "ऐकलंस?"

"मुलं काहीही बोलतात."

"मनोहर."

"खेळण्यांबद्दल बोलत होती ती."

"असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे? तिनं काही सांगितलंय का तुला? आपण जाऊन पोलिसांत बोललो, उद्या त्याचा व्हिसा गेला, तर त्या दोघींचं... आणि तिनंच नाही म्हटलं तर? मग तिला इथंसुद्धा येऊ देणार नाही तो." एवढं लांब तो सहसा बोलत नाही. म्हणजे त्यानंही यावर विचार केला होता, आणि माझ्या आधीपासून.

मी ठरवून टाकलं की खेळणी सिद्धेश मोडतो. पोरीचीसुद्धा खेळणी मोडतो, म्हणजे बघा. राग यायला ते सोपं होतं. पण पुढच्या वेळी आलेल्या बाहुल्याचा खांदा भिंगाखाली धरला आणि मी चपापले. तुटलेल्या कडेला पिवळं लागलं होतं. बोटानं चोळलं, वास घेतला. हळद. त्याच्या शेजारी एक सुती धागा अडकलेला, स्वयंपाकघरातल्या फडक्याचा. कुणीतरी ओट्याशी उभं राहून, फोडणीच्या हातानं, पकड सुटू नये म्हणून फडक्यात धरून तो हात पिरगळला होता. सिद्धेश मंडळात कौतुकानं सांगतो की त्याला चहासुद्धा करता येत नाही.

माझ्याच हाताखाली शिकलेली बाई. थंड असताना काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मग माझ्या ध्यानात आलं. नुसता निघालेला हात मी पाच मिनिटांत बसवून देते. पण आत मोडलेली खुंटी म्हणजे बारीक ड्रिलनं भोक पाडायचं, तार घालायची, गोंद लावायचा, सुकायला ठेवायचं. म्हणजे दुपार जाते. म्हणजे पुढच्या रविवारी परत यावं लागतं. ती मोडत होती, ते आमच्या टेबलाशी थोडा जास्त वेळ बसायला मिळावं म्हणून.

मी दुरुस्ती सावकाश करायला लागले. दहा मिनिटांच्या कामाला तास लावायचा. गोंद ताजा असला तरी "हा जरा जुना आहे, वेळ घेतो" म्हणायचं. प्रीता मान हलवायची, आणि पांढऱ्या वळावर रंगाचा एकेक बारीक हात देत राहायची. एवढंच आमचं बोलणं.

तर त्या रविवारची गोष्ट. पातेल्यात डोकं होतं, मनोहरचा चहा नव्या पातेल्यात चढला होता, आणि तीनच्या सुमाराला बेल वाजली.

प्रीताचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. औषधाच्या दुकानात मिळते ती निळी झोळी. उजव्या हातात किराण्याची कापडी पिशवी. स्वानंदी तिच्या इतकी जवळ उभी होती की दोघींची मिळून एकच सावली पडली होती.

"अगं, हे काय?" मी म्हटलं.

प्रीतानं टेबलाशी येऊन फोन उताणा ठेवला. स्क्रीन उजळलेली. कॉल चालू होता, वर सिद्धेशचं नाव, खाली सेकंद पळत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मला समजलं. आज तो गाडीत बसून ऐकत होता.

"गराजच्या पायरीवरून पडले, काकू," ती फोनच्या दिशेनं, स्पष्ट म्हणाली. "मी वेंधळीच."

आणि पिशवी टेबलावर ओतली.

मी आजवर पुष्कळ मोडतोड पाहिलीय. पण अशी नाही. घरातलं एकूण एक खेळणं असावं. हात, पाय, माना, जवळजवळ सगळं सुटं, प्रत्येक तुकड्यावर तो पांढरा वळ. किल्ल्यासाठी केलेले मावळेसुद्धा. एका हातानं मोडले असणार तिनं ते, ओट्याच्या खणात धरून किंवा दारात अडकवून. काही ठिकाणी हळद होती, काही ठिकाणी हळदीहून गडद काहीतरी.

"काकू," प्रीता म्हणाली, "हे सगळं नीट व्हायला किती दिवस लागतील?"

मनोहर ओट्याशी गाळणं हातात धरून उभा होता. चहा उतू जायला आला होता.

मी माझा रोजचा आवाज शोधला. तो सापडेना, म्हणून दुकानदारासारखा आवाज काढला. "बाई गं, हे एका दिवसाचं काम नाही. यातलं काहीच आज घरी न्यायच्या अवस्थेत नाही. गोंद सुकेपर्यंत हलवायचं नसतं, माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"हलवलं तर पुन्हा तिथंच मोडतं."

"हो, काकू."

"मग राहू दे इथंच. कितीही दिवस लागू देत." इथवर ठीक होतं. इथं मी थांबायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अनयची खोली रिकामीच आहे."

स्वानंदीनं घाबरून हेअर ड्रायर सुरू केला आणि एका मावळ्याच्या खांद्यावर धरला. शिकवलं होतं तसं, वीतभर अंतरावरून, हलवत हलवत. त्या घोंघाटातही मला कळलं की काहीतरी कमी झालंय.

बाहेरचं इंजिन बंद झालं होतं.

फोनवरचे सेकंदही थांबले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग बेल. एकदाच, अगदी सभ्यपणे.

दार मनोहरनं उघडलं. सिद्धेशनं बूट काढून कडेला नीट लावून ठेवले. "काका, फार त्रास देतात या दोघी तुम्हाला," तो हसत आत आला. "बापरे काकू, हे काय स्मशान मांडलंय?"

"दुरुस्ती चाललीय."

"अहो टाकून द्या. नवीन आणू. चायनीज माल सगळा." त्यानं पसाऱ्यातून एक सैनिक उचलला. एकच धड होता त्यात, मी मागच्या रविवारी दुरुस्त केलेला. बोलता बोलता, बघतही नव्हता तिकडे, त्यानं त्याचा दंड दोन बोटांत धरून फिरवला. कट्. "बघा. काही दम नाही." दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि प्रीताला म्हणाला, "चल. स्वानंदी, शूज."

"चहा घेऊन जा रे," माझं तोंड म्हणालं. वीस वर्षं मंडळात काढली की तोंड आपलं आपण चालतं.

"नको काकू. हिला आराम हवाय. पडलीय ना."

स्वानंदी जागची हलली नाही. ड्रायर चालूच होता, मावळ्याचा खांदा केव्हाच मऊ झाला असेल. प्रीता उठली. खरंच उठली. पिशवी उचलायला वाकली, आणि वाकताना तिच्या तोंडून बारीकसा आवाज आला, दार करकरतं तसा.

मनोहरनं गाळणं खाली ठेवलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "बस. हात बघू."

"काही नाही हो काका, साधी मुरगळ आहे," सिद्धेश म्हणाला.

"एक्स-रे काढला?"

"त्याची काय गरज..."

"मी तिला विचारतोय." मनोहरनं झोळी सोडवली. बाही वर करताना प्रीतानं डोळे मिटले. मी पाहिलं. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध सूज होती. तिच्या एका अंगाला चार निळे ठसे ओळीनं, आणि दुसऱ्या अंगाला एक.

"बोटं हलव." बोटं हलली, कशीबशी. "इथं दुखतं? मनगटाला?"

"नाही."

"कोपराला?"

"नाही."

"इथं?"

तिचा ओठ दातांखाली गेला.

मनोहर बराच वेळ तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला. ओझं नसलेल्या, पण पडू द्यायच्या नाहीत अशा वस्तू धरतात तसा. मग ड्रायरच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाला, "माणूस पडतो तेव्हा हात टेकतो. मग मनगट जातं, नाहीतर कोपर. हे मधलं हाड पायरीवरून पडल्यानं जात नाही. हे असं जायला कुणीतरी..."

आणि थांबला.

आयुष्यभर मी त्याची वाक्यं मनात पुरी करत आलेय. चहाची, पेशंटची, अनयच्या मार्कांची. त्या दिवशी मला वाटलं, बाबा रे, हे एक तरी पुरं कर. पण माझ्याही घशात तेच वाक्य अडकलं होतं, मे महिन्यापासून.

सिद्धेश अजून हसतच होता. "कुणीतरी काय, काका?"

मी उठले आणि दार आणि प्रीता यांच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसले. दुसरं काही सुचलं नाही.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" त्याच्या आवाजातला मंडळाचा माइक गेला होता. "प्रीता. चल म्हटलं ना."

स्वानंदीनं ड्रायर बंद केला. पातेल्यातलं पाणी निवत होतं.

प्रीतानं आपला हात मनोहरच्या हातांतून काढला नाही.

"मी पडले नाही, काका," ती म्हणाली. "सिद्धेशनं पिरगळला. मोडेपर्यंत."